गोगलगाय अन् पोटात मोरचूद

आपल्या होस्टेलच्या कॉमन रूममध्ये टीव्हीच्या बाजूला माशांची एक टाकी आहे, हे फर्स्ट इयरच्या बऱ्याच मुलांना ऑगस्टमध्येच कळले असेल. तेही वासामुळे. त्या वासाची गोष्ट आणि त्या गोष्टीवरून झालेले माझे मत, असे दोन्ही या लेखात आहे. मराठी विभागात दर वर्षी 'आई', 'पहिला पाऊस' आणि 'भ्रष्टाचार : एक कीड' हे तीन विषय असतातच. या वेळी संपादक मंडळाने गोगलगाईला जागा दिली, त्याबद्दल त्यांचे आभार.

टाकी तीन फुटी आहे. वाळू, दगड वजा केले तर पाणी साधारण १०० लिटर. पास आउट झालेल्या एका बॅचने जाताना होस्टेलला भेट दिली होती. चार गोल्डफिश, काही गप्पी आणि काच चाटत फिरणारा एक सकर मासा, एवढीच वस्ती. गेल्या वर्षी कुणीतरी नागपूरहून येताना हिरव्या पाणवनस्पतीच्या दोन जुड्या आणून वाळूत रोवल्या. टाकी एकदम झकास दिसू लागली. मेसवाले मामासुद्धा येता-जाता थांबून बघायचे.

महिन्याभरात काचेवर जेलीचे छोटे छोटे थेंब दिसले. बारकाईने पाहिले तर प्रत्येक थेंबात खसखशीसारखे दाणे. नंतर मोहरीएवढे ठिपके काचेवर चालू लागले. आणि यंदा कॉलेज सुरू झाले तेव्हा टाकीत मासे शोधावे लागत होते आणि गोगलगाई आपोआप दिसत होत्या. काचेवर, पानांवर, फिल्टरच्या तोंडाशी, सकरच्या पाठीवर. जिथे बघाल तिथे.

मेकॅनिकलच्या एका मित्राने त्यांचे वर्गीकरण केले ते फार मजेशीर होते. एक प्रकार चकलीसारखा चपटा. दुसरा लांबट, पीळदार, हुबेहूब स्क्रूसारखा. आणि तिसरा छोटा, फुगीर, पातळ कवचाचा. या तिसऱ्याचे टोक वर धरून तोंड आपल्याकडे केले की तोंड डाव्या बाजूला येते. "अबे, हा तर लेफ्ट हँड थ्रेड आहे!" म्हणून तो नाचायचाच बाकी होता. नंतर वाचल्यावर कळले की त्याचे निरीक्षण अगदी बरोबर होते. डाव्या पिळाची ती फायसा, मूळची उत्तर अमेरिकेची आणि आता जगभरच्या टाक्यांत पसरलेली. चकलीवाली आपल्याकडच्या तळ्यांतही असते. स्क्रूवाली मेलनॉइडिस, ती दिवसा वाळूत लपते आणि अंडी न घालता थेट पिल्ले देते. तिला त्यासाठी नराचीही गरज पडत नाही. बाकीच्या दोघी उभयलिंगी. म्हणजे वनस्पतीच्या जुडीबरोबर एक जरी आली तरी पुरे. आमच्या टाकीत कुणी गोगलगाई सोडल्या नव्हत्या. आम्ही वनस्पती न धुता लावली, त्यातून त्या आल्या.

एका रविवारी रेक्टर सर राऊंडला आले. टाकीसमोर दोन मिनिटे उभे राहिले आणि म्हणाले, "हे काय करून ठेवलं रे? एक तर या गोगलगाई जातील, नाही तर ही टाकी जाईल. आठ दिवस देतो."

झाले! त्या रात्री कॉमन रूममध्ये सभा भरली. परीक्षेच्या आदल्या रात्री जेवढे डोके चालत नाही तेवढे त्या रात्री चालले. एक म्हणाला मीठ टाका. दुसरा म्हणाला फिनाईल टाका. त्याला सर्वांनी मिळून खाली बसवले. सिव्हिलवाल्याचे मत होते की सगळे पाणी उपसून, वाळू उकळून, टाकी नव्याने 'कन्स्ट्रक्ट' करावी. केमिकलवाला शांतपणे म्हणाला, "कॉपर सल्फेट. गोगलगाईचा बाप मरते."

कॉपर सल्फेट म्हणजे मोरचूद. आणि मोरचूद माझ्या खोलीत होता. आमच्या घरी अर्जुनी मोरगाव तालुक्यात शेती आहे. धान तर आहेच, पण थोडी वांग्या-मिरच्यांची वाडीपण आहे. तिच्यासाठी बोर्डो मिश्रण करायला बाबांनी माझ्याकडून गोंदियाहून मोरचूद मागवला होता. पुडी बॅगेत होती. मी खोलीत गेलो, पुडी आणली आणि चहाचा एक चमचा भरून टाकीत टाकला. टाळ्या पडल्या. पाणी हलके निळसर झाले. कुणीतरी म्हणाले, "स्विमिंग पूल वाटून राहिला बे!"

हे मी मुद्दाम स्पष्ट लिहितो. पुढे जे झाले त्याचे खापर आजही केमिकलवाल्याच्या डोक्यावर फोडले जाते. सल्ला त्याचा होता, पण चमचा माझा होता.

सकाळपर्यंत गप्पी सगळे मेले. दुपारी गोल्डफिश वर येऊन तोंड उघडझाप करू लागले. संध्याकाळी तेही गेले. सकर तिसऱ्या दिवशी गेला. गोगलगाई मेल्या, पण सगळ्या नाही. काही कवचात तोंड बंद करून बसल्या, काही पाण्याबाहेर काचेवर चढून बसल्या. ज्या मेल्या त्या वाळूत आणि दगडांखाली सडल्या. तो वास म्हणजेच फर्स्ट इयरला झालेली टाकीची ओळख.

चूक झाल्यावर मी गणित केले. ते आधी करायला हवे होते. बारावी पास कुणालाही जमेल असे आहे. एक चमचा मोरचूद साधारण ५ ग्रॅम. पाण्याचे पाच रेणू धरून असलेल्या कॉपर सल्फेटचा रेणुभार सुमारे २५०, त्यात तांबे ६३.५. म्हणजे वजनाचा चौथा हिस्सा तांबे. ५ ग्रॅममध्ये सव्वा ग्रॅम. १०० लिटर पाण्यात दर लिटरला साडेबारा मिलिग्रॅम. आता तुलना करा. माशांच्या अंगावरचे परजीवी मारायला जाणकार लोक तांब्याचे औषध वापरतात तेव्हा ते लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम ठेवतात, तेही रोज मोजून. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) तांब्याची स्वीकार्य मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त १.५. म्हणजे मी माशांना औषधाच्या साठपट डोस दिला आणि वर टाळ्या घेतल्या.

शिवाय मेलेल्या गोगलगाई सडून अमोनिया तयार होतो. एरवी फिल्टरमध्ये आणि वाळूत वाढणारे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करत असतात. सिव्हिलवाल्यांनी सांडपाणी शुद्धीकरणात हे शिकलेले असते. तांब्याचा फटका या जिवाणूंनाही बसतो. थोडक्यात, कचरा वाढवला आणि त्याच दिवशी सफाई कामगारांनाही झोपवले. मासे तांब्याने मेले की अमोनियाने, हे आता कुणी सांगू शकणार नाही. दोन्हीचे कारण मात्र एकच होते.

त्यानंतर आम्ही दुसरी चूक केली. ते पाणी बादल्या भरभरून बाथरूमच्या मोरीत ओतले. आपल्या होस्टेलमागचा नाला कुठे जातो ते आपल्याला माहीत आहे. आधी धानाच्या बांध्या, मग बोडी. त्या बोडीत कुणी मासे सोडले आहेत, कुणाची जनावरे पाणी पितात. १०० लिटरने बोडीचे काय बिघडते, असे त्या वेळी मीही म्हणालो होतो. कदाचित काहीच बिघडले नसेल. पण 'माझ्या एवढ्याशाने काय होते' हे वाक्य म्हणणारा मी एकटा नसतो, हीच तर सगळी गडबड आहे.

घरी गेलो तेव्हा बाबांना सांगितले. ते काही रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "आपल्या बांधीत शंख का कमी असतात का? मी कधी मोरचूद टाकला काय त्यांच्यासाठी?"

खरेच टाकला नाही. पावसाळ्यात रोवणीनंतर आमच्या बांधीत हाताच्या मुठीएवढे शंख फिरतात. आणि त्यांच्यामागे चोचीत फट असलेला तो मोठा पांढुरका पक्षी येतो. पक्षीमित्र त्याला मुग्धबलाक म्हणतात. त्याची चोच शंखातला जीव ओढून काढण्यासाठीच घडलेली आहे. महाराष्ट्रात जो सारस प्रामुख्याने आपल्या गोंदियातच उरला आहे, तोही धानात आणि तलावाकाठी इतर खाण्याबरोबर गोगलगाई टिपतो. तिथे शंख आहेत, खाणारे आहेत, आणि कुणी रोज वरून खायला टाकत नाही. म्हणून तिथे शंखांची संख्या आवरलेली असते. आमच्या टाकीत खाणारे कुणी नव्हते आणि खायला टाकणारे मात्र भरपूर.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या टाकीत गोगलगाई का वाढल्या? माझे उत्तर असे : आपण त्यांना पोसले म्हणून.

टाकीशेजारी खाद्याचा डबा असतो. टीव्ही बघायला आलेला प्रत्येक जण जाता जाता एक चिमूट टाकतो. फोनवर बोलताना एक चिमूट. मॅच हरली तर दुःखाने एक चिमूट, जिंकली तर आनंदाने दोन. मासे जेमतेम पंधरा आणि वाढणारे हात चाळीस. जो डबा महिना-दोन महिने पुरायला हवा तो आमच्याकडे आठ-दहा दिवसांत संपायचा आणि आपण वर्गणी काढून नवा आणायचो. माशांनी खाल्ले ते खाल्ले, उरलेले तळाशी. गोगलगाईंसाठी ती मेस होती. चोवीस तास उघडी आणि अनलिमिटेड. आपल्या मेसला अशी सोय झाली तर आपली संख्या वाढणार नाही काय?

गोगलगाईंची संख्या अन्नाएवढी वाढते. अन्न तेवढेच ठेवून निम्म्या मारल्या, तर उरलेल्या निम्म्यांना दुप्पट मिळते आणि काही आठवड्यांत संख्या जागेवर येते. कंट्रोल सिस्टिम शिकणाऱ्यांना हे सांगायला नको. इनपुट तसेच ठेवून आउटपुटवर हातोडा मारून सिस्टिम बदलत नाही. मोरचूद हा तो हातोडा होता. त्याने गोगलगाई तेवढ्या पूर्ण मेल्या नाहीत, बाकी सगळे मेले.

म्हणून मी म्हणतो, टाकीत गोगलगाई वाढल्या तर चिडू नका, ती सूचना समजा. त्या सांगतात की खाद्य जास्त होत आहे, तळ घाण आहे, पाने कुजत आहेत. त्या ते खातात म्हणून आपल्याला दिसत नाही. वाळूत राहणाऱ्या स्क्रूवाल्या दिवसाढवळ्या सगळ्याच्या सगळ्या काचेवर चढू लागल्या तर तळाशी काही बिघडले आहे का ते आधी बघावे. थोड्या गोगलगाई असणे हे टाकीला चांगलेच असते. शेवाळ चाटतात, उरलेसुरले संपवतात. हजार झाल्या तर फिल्टर तुंबतो आणि टाकी किळसवाणी दिसते, हेही खरेच. रेक्टर सरांचा राग चुकीचा नव्हता. आमचा उपाय चुकीचा होता.

मग बरोबर उपाय कोणता? आम्ही नंतर जे केले ते सांगतो. यात नवीन शोध काहीच नाही.

टाकी पूर्ण रिकामी केली. वाळूत तांबे उरलेले असणार म्हणून ती वाळू टाकीत परत घातली नाही, नवी आणली. महिनाभर टाकी माशांशिवाय चालवली. काचेच्या कडांना आणि फिल्टरमध्ये तग धरलेल्या काही गोगलगाई होत्याच, त्या पुन्हा वाढू लागल्या. या वेळी आम्ही डब्याला कुलूप लावले. किल्ली रोज एकाकडे, नोटीस बोर्डवर यादी. माशांना दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य, दिवसातून एकदा. सोमवारी उपवास. (मासे सोमवार पाळतात म्हणून मेसचे मामा फार खूश आहेत.) रात्री काकडीची जाड चकती दोऱ्याने बांधून तळाशी सोडायची, सकाळी तिच्यावर गोगलगाई गोळा झालेल्या असतात, ती तशीच उचलायची. काचेवर जेलीचे थेंब दिसले की जुन्या एटीएम कार्डाने खरवडायचे. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचे आणि नळीने तळातला गाळ ओढून घ्यायचा. नवी वनस्पती आणली तर आधी तुरटीच्या पाण्यात बुडवून, स्वच्छ धुऊन, दोन-तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवायची आणि मगच टाकीत लावायची.

पहिल्या आठवड्यात रोज वाटीभर गोगलगाई निघाल्या. मग मूठभर. दिवाळीच्या सुट्टीवरून आलो तेव्हा काकडीवर चार-पाच बसलेल्या होत्या. आज टाकीत गोगलगाई आहेत, पण शोधाव्या लागतात. नवे मासे मजेत आहेत. खर्च किती आला? एक कुलूप आणि मेसमधल्या काकड्या.

या उपायावर दोन आक्षेप येतात. दोन्ही आपल्याच होस्टेलमध्ये ऐकलेले आहेत.

पहिला : "एवढी कटकट कशाला? गोगलगाई खाणारा मासा आणून सोडा." ऐकायला हे फार छान वाटते. बोटिया जातीचे लोच मासे गोगलगाई खातात, हे खरे. पण दुकानात मिळणारा पट्ट्यापट्ट्यांचा 'झेब्रा लोच' कुठला आहे माहीत आहे? आपल्याच पश्चिम घाटातल्या नद्यांचा. बोटिया स्ट्रायाटा हा मासा जगात फक्त तिथे सापडतो आणि आययूसीएनच्या यादीत तो संकटग्रस्त आहे. आपण जास्त चिमटी टाकायची आणि त्यापायी सह्याद्रीतल्या ओढ्यातला मासा पकडून आणायचा, हा कुठला न्याय? शिवाय शत्रूचा शत्रू आणून सोडण्याचा इतिहास फारसा चांगला नाही. हवाई बेटांवर आफ्रिकन गोगलगाई वाढल्या म्हणून १९५५ मध्ये फ्लोरिडातली शिकारी गोगलगाय आणून सोडली. तिने आफ्रिकन गोगलगाईंना संपवले नाहीच, उलट तिथल्या झाडांवरच्या सुंदर स्थानिक गोगलगाई फस्त केल्या. त्यातल्या कित्येक जाती आज जगातूनच नाहीशा झाल्या आहेत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मोरचूद प्रकरणानंतर सभेत जवळपास सर्वांचे एकमत झाले होते : "जाऊ दे बे, टाकी नेऊन तलावात ओतून देऊ. मोकळ्या पाण्यात जगतील बिचारे." यात पापाची भावना नव्हती, उलट पुण्याची होती. आणि म्हणूनच मला हा लेख लिहावासा वाटला.

मित्रहो, आपण तलावांच्या जिल्ह्यात राहतो. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला, पण तलाव दोघांचेही सारखेच. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या खपून हे मालगुजारी तलाव बांधले. नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळीने बांधला असे आपल्याकडे लहानपणापासून सांगतात. या तलावांवर धान पिकते आणि ढिवर समाजाची घरे चालतात. तलावाच्या पाण्यात काय सोडायचे आणि काय नाही, हा आपल्याकडे छंदाचा प्रश्न नाही, पोटाचा आहे.

आणि बाहेरचे काही आत आले की काय होते हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. बेशरम नावाची वनस्पती आठवा. मूळची उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची. आज कित्येक तलावांच्या काठाने तिचे रान माजलेले आहे. तोडली तरी फुटते, म्हणून तर नाव बेशरम. आपल्या भागात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या लोकांनी ढिवरांच्या संस्थांना सोबत घेऊन तलावांतली बेशरम उपटली आणि त्या जागी देशी पाणवनस्पती लावल्या, कारण देशी माशांना त्यांचाच आसरा लागतो. हे काम कमरेएवढ्या चिखलात उतरून हाताने होते. एकाने आणून लावले की दुसऱ्याच्या नातवाला उपटत बसावे लागते.

आमच्या टाकीतल्या सकरचेच घ्या. काच साफ करतो म्हणून लोक हौसेने आणतात. वाढून फूटभर झाला की टाकीत मावत नाही, मग नदीत सोडतात. दक्षिण अमेरिकेचा हा मासा आता उजनीच्या जलाशयात मासेमारांच्या जाळ्यात येतो. त्याला बाजारात भाव नाही आणि त्याच्या काट्यांनी जाळी मात्र फाटतात. ज्यांनी तो सोडला त्यांनीही 'मोकळ्या पाण्यात जगेल बिचारा' असेच म्हटले असणार.

गोगलगाईंचेही तसेच. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन नावाच्या, ईस्ट इंडिया कंपनीत अधिकारी असलेल्या शंख-अभ्यासकाने मॉरिशसहून आफ्रिकन गोगलगाई कलकत्त्याला आणल्या आणि त्या तिथल्या एका बागेत सुटल्या. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांत गोगलगाईंनी सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात खाल्ली. शेतकऱ्यांनी दुबार पेरणी केली, रात्री बॅटरी घेऊन गोगलगाई वेचल्या, शेवटी शासनाला नुकसानभरपाई द्यावी लागली. ती जमिनीवरची गोगलगाय आहे, आपल्या टाकीतली नाही. पण पाण्यातलीही एक भयंकर भावंडे आहे. दक्षिण अमेरिकेची सोनेरी 'ॲपल स्नेल' १९८० च्या सुमारास खाण्यासाठी म्हणून तैवानला आणली गेली. तिथून ती फिलिपाईन्सपर्यंत पसरली आणि भाताचे कोवळे पऱ्हे खाणारी मोठी कीड झाली. त्याच पोमेसिया कुळातल्या पिवळ्या गोगलगाई ॲक्वेरियमच्या दुकानांत शोभेसाठी विकल्या जातात. दुकानातली प्रत्येक पिवळी गोगलगाय धान खाईलच असे नाही, पण त्यांच्या जाती वेगळ्या ओळखणे आपल्यासारख्यांचे काम नाही. धानाच्या जिल्ह्यात राहून ती जोखीम बोडीत सोडायची कशाला?

कुणी म्हणेल, मग गोगलगाई कधी मारायच्याच नाहीत काय? तसे माझे म्हणणे नाही. कधी कधी लढावेच लागते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५२ मध्ये लघवीवाटे रक्त जाणारा शिस्टोसोमियासिस हा आजार आढळला. आपल्या देशात फार दुर्मिळ. टोपीच्या आकाराची एक चिमुकली गोड्या पाण्यातली गोगलगाय त्याच्या जंतूची वाहक निघाली. तिथे रुग्णांवर उपचार आणि गोगलगाईंचा बंदोबस्त दोन्ही झाले. आपल्या जनावरांना होणारा लिव्हर फ्लूकही पाण्यातल्या गोगलगाईंमार्फतच पसरतो. पण तिथे आधी तपासणी झाली, कोणती गोगलगाय हे ओळखले गेले, मग औषध आले. आम्ही आधी चमचा टाकला आणि नंतर गोगलगाईचे नाव शोधले. इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांकडून एवढी तरी अपेक्षा आहे की नाही, की मोजल्याशिवाय टाकू नये?

तेव्हा स्टुडंट कौन्सिलला आणि रेक्टर सरांना माझी नम्र विनंती आहे. टाकी काढू नका. पण तीन नियम टाकीवर कायमचे चिकटवा. एक, खाद्य फक्त ज्याची पाळी आहे त्यानेच टाकावे. दोन, कुठलेही औषध एकट्याच्या मनाने टाकू नये. जो टाकेल त्याने आधी मिलिग्रॅम-लिटरचे गणित कागदावर करून दाखवावे. तीन, टाकीतला कुठलाही मासा, गोगलगाय किंवा वनस्पती नाल्यात, बोडीत, तलावात जाणार नाही. पकडलेल्या गोगलगाई उकळत्या पाण्यात टाकून नंतर झाडाच्या आळ्यात पुरायच्या. बदललेले पाणी बागेतल्या झाडांना द्यायचे, मोरीत नाही. मासे नको झाले तर ज्याला हवेत त्याला द्यायचे.

आणि फर्स्ट इयरच्या मित्रांनो, टाकीजवळून जाताना तुमचा हात डब्याकडे जाईल. मासे तोंड उघडून काचेजवळ येतात, दया वाटते, मला माहीत आहे. पण माशांचा चेहरा कायम उपाशीच दिसतो, आपल्या मेसच्या रांगेतल्या चेहऱ्यासारखा. फसू नका. किल्ली कुणाकडे आहे ते नोटीस बोर्डवर लिहिलेले आहे. या आठवड्यात ती माझ्याकडे आहे आणि मी देणार नाही.